मताधिकाराची ठेव आणि आपली जबाबदारी

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात मतदार मदत गटाच्या कार्यकर्तीने केलेले भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनी ते स्वतःच लिहून दिले आहे.)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून मी माझे विचार आपल्यापुढे ठेवते.

समितीने मला ‘मतदार जागृती’ हा विषय दिला आहे. मी काही वक्ती नाही. पालिकेच्या शाळेत शिकवत होते, तेव्हा दर निवडणुकीला आमची ड्युटी लागायची. मतदान केंद्रात टेबलामागे बसून मी यादीतली नावे वाचली, बोटांना शाई लावली. निवृत्तीनंतर आपल्या विहाराच्या मतदार मदत गटात आले आणि टेबलाच्या पुढच्या बाजूला उभी राहिले. दोन्ही बाजूंनी जे पाहिले, तेच सांगणार आहे. आपला गट कोणत्याही पक्षाचा नाही. मत कोणाला द्या हे आम्ही सांगत नाही, आजही सांगणार नाही. कोणाला ते ऐकायची अपेक्षा असेल, तर त्यांची निराशा होईल.

हा अधिकार कसा आला

आपल्या मुलांना वाटते की मताचा अधिकार आधार कार्डासारखा असतो, वय झाले की मिळतो. तसे नाही बाबांनो. या अधिकारासाठी बाबासाहेबांनी तीस वर्षे झगडा केला आहे.

१९१९ च्या जानेवारीत साउथबरो कमिटीपुढे त्यांनी साक्ष दिली. तेव्हा ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, वय अठ्ठावीसच्या आत. मताचा अधिकार कोणाला द्यावा हे ती कमिटी ठरवत होती. इंग्रजांच्या राज्यात ज्याच्याकडे जमीन, ज्याचा कर, ज्याचे शिक्षण, त्याला मत. आपल्या वाडवडिलांकडे यांतले काय होते? १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी स्पष्ट मागणी केली की प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळाले पाहिजे. निरक्षरांना मत नको, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. बाबासाहेबांचे म्हणणे असे होते की, ज्यांना तुम्हीच शाळेची पायरी चढू दिली नाही, त्यांना निरक्षर म्हणून मतापासूनही दूर ठेवणे हा दुहेरी अन्याय आहे.

पुढे राज्यघटनेच्या कलम ३२६ ने हा प्रश्न कायमचा सुटला. श्रीमंत-गरीब, शिकलेला-न शिकलेला, बाई-पुरुष, सगळ्यांना एक मत. तेव्हा वयाची अट एकवीस वर्षांची होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये ती अठरा झाली.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात बाबासाहेबांनी दोन गोष्टींची आठवण दिली, त्या आपण विहारात बसलेल्यांनी विसरू नयेत. पहिली ही की, राजकारणात आपण समान होऊ, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ही विसंगती फार काळ चालणार नाही. दुसरी अशी की, सभेचे कामकाज, ठराव, गणसंख्या, मतांची मोजणी या गोष्टी भारताला नवीन नाहीत; बुद्धाच्या भिक्खू संघात हे सर्व नियम होते. त्या भिक्खू संघाच्या मतदानाकडे मी थोड्या वेळाने येणार आहे.

बाद झालेली मते

अधिकार मिळाला म्हणजे तो वापरता आला असे होत नाही. याचे सर्वांत दुःखद उदाहरण आपल्याच मुंबईतले आहे.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बाबासाहेब लोकसभेसाठी मुंबई उत्तरमधून उभे होते. तो मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. नियम असा की दोन्ही मते एकाच उमेदवाराला द्यायची नाहीत. दिली तर एकच धरले जाणार, दुसरे वाया. बाबासाहेब त्या निवडणुकीत सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. घटनेचा शिल्पकार त्या घटनेखालच्या पहिल्याच निवडणुकीत हरला! त्यानंतर बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली. त्यांची तक्रार होती की ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्या आणि मतदारांना आपले मत फुकट घालवायला शिकवले गेले. याचिकेने निकाल बदलला नाही. त्या बाद मतांमुळेच बाबासाहेब पडले असे मी म्हणत नाही. ती मते कोणाकोणाची होती, हे आज कोणीच सांगू शकत नाही. पण साडेचौदा हजारांचा फरक आणि त्याच्या पाचपट बाद मते, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. मत कसे द्यायचे हे माहीत नसणे किती महाग पडू शकते, ते कळेल.

तुम्ही म्हणाल, बाई, ते जुने झाले. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले, हे खरे. पण आपली किती कुटुंबे ठाणे, कल्याण, पुणे, नाशिकला राहायला गेली! १५ जानेवारी २०२६ ला महापालिकांच्या निवडणुका झाल्या. मुंबईत एका वॉर्डातून एकच नगरसेवक, म्हणून एक मत. पण इतर महापालिकांत बहुतेक प्रभाग चार जागांचे. अ, ब, क, ड अशा चार जागा आणि प्रत्येक जागेसाठी वेगळे बटण. माझी मावसबहीण कल्याणला असते. मतदानाच्या दोन दिवस आधी तिचा फोन, “ताई, आपल्या माणसाला चारही वेळा दिले तर चालेल का गं?” सत्तर वर्षांहून जास्त काळ गेला, आणि प्रश्न तोच! तिला समजावले की प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे, प्रत्येक जागेसाठी एकदाच बटण, आणि एखाद्या जागेला कोणीच पसंत नसेल तर त्या जागेसमोर ‘नोटा’चे बटण आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर हे बटण आले. मध्येच उठून यायचे नाही.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. लोकसभा-विधानसभेला मत दिल्यावर शेजारच्या यंत्रात चिठ्ठी सात सेकंद दिसते. जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीत ते चिठ्ठीचे यंत्र नव्हते. अनेकजण घाबरले, चिठ्ठी आली नाही म्हणजे आपले मत गेले कुठे? आधी सांगितले असते तर ती भीती वाटली नसती. आपल्या गटाचे काम ते हेच, आधी सांगणे.

यादीतले नाव

आता सर्वांत महत्त्वाचे बोलते. कार्ड आहे म्हणजे मत आहे, असे समजू नका. मत यादीतल्या नावाला आहे. फोटोचे ओळखपत्र १९९३ पासून सुरू झाले. ते हरवले तरी आधार कार्ड, पॅन कार्ड, लायसन्स, फोटो असलेले बँकेचे पासबुक, यांसारखा दुसरा मान्य पुरावा चालतो. पण यादीत नाव नसेल तर सोन्याचे कार्ड नेले तरी उपयोग नाही.

२० मे २०२४ ला मुंबईत लोकसभेचे मतदान होते. ऊन मी म्हणत होते. आपल्या जुन्या चाळीतल्या एक आजी, वय सत्तरच्या पुढे, प्लास्टिकच्या पिशवीत कार्ड जपून घेऊन आल्या. चाळ पुनर्विकासात गेलेली, राहायला संक्रमण शिबिरात. रिक्षाने आल्या, दीड तास रांगेत उभ्या राहिल्या. यादीत नाव नाही. शिबिराच्या भागातल्या यादीतही नाही. आजीने मला एवढेच विचारले, “मी मेले का गं?” त्या दिवशी आजी मत न देता परत गेल्या. दुसऱ्या आठवड्यात आपल्या मुलांनी त्यांचा नमुना ६ भरला. बीएलओ घरी येऊन गेल्या, नाव लागले आणि २० नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेला, आजींनी मतदान केले. पण लोकसभेचे ते मत गेले ते गेलेच.

म्हणून फॉर्मांचे आकडे पाढ्यासारखे पाठ करा. नवीन नावासाठी नमुना ६. मृत व्यक्तीचे किंवा सोडून गेलेल्याचे नाव काढण्यासाठी किंवा नावावर हरकत घेण्यासाठी नमुना ७. पत्ता बदल, नावातली चूक, नवीन कार्ड, दिव्यांग म्हणून नोंद, या सगळ्यासाठी नमुना ८. अर्ज मोबाइलवर करता येतो, बीएलओकडे कागदावरही देता येतो. १९५० या नंबरावर माहिती मिळते. अर्ज नाकारला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. नकार आला म्हणून घरी बसायचे नाही.

तरुणांनो, पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असतील तरच त्या वर्षी नाव लागायचे. २०२२ पासून वर्षात चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्जसुद्धा करता येतो. महापालिकेसाठी वेगळी नोंदणी नसते. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो आणि त्या तारखेची विधानसभेची यादी घेतो. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून त्या यादीत नाव घुसत नाही. आणि ती निवडणूक हुकली तर काय होते? मुंबईत फेब्रुवारी २०१७ नंतर महापालिकेची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. जे पोर २०१७ च्या मार्चमध्ये अठरा वर्षांचे झाले, त्याला नगरसेवक निवडायची पहिली संधी सव्विसाव्या वर्षी मिळाली. ती हुकवून चालेल का?

बायकांच्या नावाबद्दल थोडे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत धरता आली नाहीत. त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. आज असे कोणी सांगत नाही. पण आपल्या वस्तीत सुनेचे नाव माहेरच्या आडनावाने एका यादीत, सासरच्या नावाने आधारवर, आणि घरी हाक मारायचे तिसरेच. मुलींनो, लग्न झाले की घर लावण्याच्या घाईत हा एक फॉर्म विसरू नका.

आता एक कडू गोष्ट. आपल्यातल्या काही जणांची नावे गावाकडेही आहेत आणि इथेही. सरपंचाच्या निवडणुकीला गाडी येते, भाडे मिळते, माणसे जातात. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एका माणसाचे नाव एकाच ठिकाणी असले पाहिजे. खोटे लिहून दिले तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. तात्पुरते बाहेर राहायला गेलात म्हणून तुमचा पत्ता आपोआप संपत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. पण कुठे राहतो ते एकच ठरवा. ‘एक व्यक्ती, एक मत’ हे बाबासाहेबांचे तत्त्व भिंतीवर लिहायचे आणि आपण दोन ठिकाणी मते द्यायची, हे शोभत नाही. मयत माणसांची नावेही आपणच काढून घेतली पाहिजेत. वडिलांचे नाव यादीत राहिले म्हणजे वडील राहिले असे नाही. त्या नावावर दुसराच कोणी मत टाकून जातो.

संघातली शलाका

आता बुद्धाच्या संघाकडे येते. संघात वाद झाला आणि एकमत झाले नाही, तर मते घेतली जात. लाकडाच्या काड्या वाटत. त्या काडीला शलाका म्हणत. गुप्त मतदानाचीही पद्धत होती. या शलाका वाटणारा आणि गोळा करणारा भिक्खू संघाने निवडलेला असे. तो कसा असावा, याचे पाच गुण विनयपिटकाच्या चुल्लवग्गात सांगितले आहेत. तो छंदाने, म्हणजे आपल्या आवडीने, वाहून जाणारा नसावा. द्वेषाने नसावा. मोहाने, म्हणजे अज्ञानाने, नसावा. भयाने नसावा. आणि पाचवा गुण, कोणाची शलाका घेतली आणि कोणाची घेतली नाही, हे त्याला नीट कळले पाहिजे.

निःपक्ष काम कसे करावे यावर मी बरीच पत्रके वाचली, पण यापेक्षा चांगले कुठे वाचले नाही. आमच्या गटाने हेच पाच नियम घेतले.

पहिला, छंद. गेल्या निवडणुकीत गटातल्या एका भावाचा सख्खा मेहुणा उमेदवार होता. त्याने स्वतःहून गटाचा बिल्ला काढून ठेवला आणि निकाल लागेपर्यंत गटाचे काम केले नाही. मेहुण्याचा प्रचार केला, तो त्याचा हक्कच आहे. पण दोन्ही टोप्या एका डोक्यावर घातल्या नाहीत. ज्याला प्रचार करायचा त्याने जरूर करावा, फक्त गटाचा बिल्ला आणि विहाराची वही बाजूला ठेवावी.

दुसरा, द्वेष. ज्या घरावर आपल्याला न आवडणारा झेंडा आहे, त्या घरीही फॉर्म घेऊन जायचे. शेजारच्या चाळीत इतर समाजाची कुटुंबे आहेत. सुरुवातीला त्यांना वाटले, हे विहाराचे लोक, आपल्याकडे कशाला आले? आता तेच लोक रविवारी विहाराच्या पायरीवर फॉर्म घ्यायला येतात. पुलाखाली राहणाऱ्यांकडेही आम्ही गेलो. ज्यांना घर नाही त्यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नसतो. बीएलओने रात्री जाऊन ते खरोखर तिथे झोपतात का हे पाहायचे, अशी आयोगाची पद्धत आहे. हे त्या लोकांना माहीतच नव्हते.

तिसरा, मोह. मोबाइलवर काय काय फिरते! राखीव मतदारसंघात फक्त आपल्याच लोकांनी मत द्यायचे असते, हे एक. खोटे आहे, उमेदवार अनुसूचित जातीचा लागतो, मतदार सगळे. आपल्या नावावर कोणी मत देऊन गेला की संपले, हे दुसरे. तेही खोटे. केंद्राध्यक्षांकडे टेंडर्ड व्होट मागा. ओळख पटली की ते तुम्हाला मतपत्रिका देतात आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवतात. कोणी काही सांगितले की आधी वहीत लिहायचे, मग खात्री करायची, मगच पुढे सांगायचे.

चौथा, भय. मत कोणाला दिले ते आम्हाला कळते, असे कोणी दरडावले तर हसून सोडून द्या. मत गुप्त आहे आणि ते विचारण्याचा अधिकार नवऱ्यालाही नाही. हो, हसू नका, महिला मंडळात हा प्रश्न मला दर वेळी येतो. मतदान केंद्राच्या शंभर मीटरच्या आत मत मागता येत नाही. पैसे वाटणे, दम देणे दिसले तर सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो टाकता येतो, नाव न सांगताही. २०१८ पासून ही सोय आहे.

पाचवा नियम वहीचा. कोणाकडे गेलो, कोणता फॉर्म भरला, पावती आली का, नाव लागले का. फॉर्म भरणे सोपे. नाव लागले का हे पाहायला दुसऱ्यांदा जाणे कठीण. आपली मुले-मुली कामावरून आल्यावर रात्री नऊला हे दुसऱ्यांदा जायचे काम करतात, त्यांचे मी सर्वांसमक्ष अभिनंदन करते.

लादी आणि पाकीट

आता विहाराचाच प्रसंग सांगते. काहींना तो आवडणार नाही.

एका निवडणुकीच्या आधी एका उमेदवाराच्या माणसांनी समितीकडे निरोप पाठवला : विहाराचे गळके छप्पर आणि लादी आम्ही करून देतो, फक्त आमचा एक कार्यक्रम विहारात घ्या. समितीची बैठक रात्री बारापर्यंत चालली. एक वयस्कर बाबा म्हणाले, “पोरं पावसात भिजतात, तुमचं तत्त्व घेऊन काय करायचं?” त्यांचे बोलणे खोटे नव्हते. दुसऱ्या बाजूने सांगितले गेले की, १९८८ च्या कायद्याप्रमाणे धार्मिक स्थळ राजकीय प्रचाराला देता येत नाही, आणि आचारसंहितेतही त्याला मनाई आहे. तिसऱ्याने विचारले, “आज एकाची लादी घेतली, तर उद्या दुसऱ्या पक्षाचा उपासक त्या लादीवर बसून वंदना कशी घेईल?” शेवटी समितीने नाही म्हणून कळवले. तो पावसाळा आपण बादल्या ठेवून काढला. छप्पर पुढे घराघरातून वर्गणी काढून झाले. काही कुटुंबे तेव्हा नाराज झाली, एक-दोन अजून आहेत. पण आज या लादीवर सगळ्या पक्षांची माणसे मांडीला मांडी लावून बसली आहेत, हे मी इथून बघते आहे.

पाकिटाचेही बोलले पाहिजे. मतासाठी पैसे देणारा आणि घेणारा, दोघेही गुन्हेगार आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये ही लाच आहे, तिला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. पण कायदा सांगून पाकीट थांबत नाही. मी एका घरी हिशेब मांडला : हजार रुपये भागिले पाच वर्षांचे १,८२५ दिवस, म्हणजे दिवसाला पंचावन्न पैसे. त्यावर त्या घरची बाई म्हणाली, “मॅडम, पंचावन्न पैसे तरी मिळतात. बाकीचे दिवस आम्हाला कोण विचारतंय?”

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न त्या एकटीचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे. जोपर्यंत बाकीच्या दिवसांत तिला कोणी विचारत नाही, तोपर्यंत तिला पाकिटाचा उपदेश करून भागणार नाही. बाबासाहेबांनी सांगितलेली विसंगती ती हीच. मत समान, पण नळाला पाणी असमान.

मतदानानंतरचे काम

म्हणून आपल्या गटाने शाई वाळल्यावरचेही काम हाती घेतले आहे. निवडणुकीपूर्वी सर्व उमेदवारांना आपण लेखी तेच सात प्रश्न पाठवतो : पाणी, गटार, शौचालय, शाळा, दवाखाना, अभ्यासिका आणि पुनर्विकास. जी उत्तरे येतात ती आडनावाच्या अक्षरक्रमाने चौकातल्या फळ्यावर लावतो, आपला शेरा न मारता. ज्याचे उत्तर आले नाही, त्याच्या नावापुढे जागा कोरी. त्यासोबत उमेदवारांची शपथपत्रे असतात. शिक्षण, मालमत्ता, गुन्हे, सगळे त्यांनीच लिहिलेले. मतदारांना ही माहिती मिळालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले. लोक उभे राहून वाचतात. वाचता न येणाऱ्यांना मुले वाचून दाखवतात.

निकाल लागला की तोच फळा पुसायचा नाही. जो निवडून आला, त्याची उत्तरे तशीच ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी समोर लिहायचे : झाले, चालू आहे, झाले नाही. जिथे झाले नाही तिथे अर्ज, मग स्मरणपत्र, मग २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचा अर्ज. आम्ही हे मोर्च्याच्या सुरात करत नाही. अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, वहीत चिकटवायची. मार्च २०२२ ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षे आपल्याला नगरसेवक नव्हता, प्रशासक होते. तेव्हा मागच्या गल्लीतल्या गटाराचे काम या वहीच्या जोरावरच झाले. अकरा पोचपावत्या लागल्या. ती ‘पंचावन्न पैसे’ म्हणणारी बाई त्याच गल्लीत राहते. ती आता गटाच्या बैठकीला येते. पाकीट घेणे सोडले का, हे मी तिला विचारलेले नाही. परंतु परवा ती फळ्यासमोर उभी राहून उत्तरे वाचून घेत होती, एवढे मी पाहिले.

महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी वज्जींच्या गणराज्याबद्दल सांगितले आहे की, ते वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात, तोवर त्यांची उन्नतीच होईल, ऱ्हास होणार नाही. पाच वर्षांतून एकदा जमणाऱ्यांबद्दल ते सांगितलेले नाही, वारंवार जमणाऱ्यांबद्दल सांगितले आहे.

शेवटी आपल्याकडे तीन मागण्या करते. एक, आज घरी गेल्यावर घरातल्या प्रत्येकाचे नाव यादीत आहे का ते बघा. मोबाइल जमत नसेल तर रविवारी सकाळी दहाला वंदनेनंतर विहारात या, यादी घेऊन आम्ही बसलेले असतो. दोन, पंचाऐंशीच्या पुढचे आणि चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांग असलेले मतदार घरात असतील तर आत्ताच सांगा. २०२४ च्या लोकसभा-विधानसभेला त्यांना घरून मतदानाची सोय होती. निवडणूक जाहीर झाल्यावर तिच्यासाठी मुदतीत अर्ज द्यावा लागतो, आणि दर वेळी तो उशिरा आठवतो. तीन, प्रत्येक इमारतीतून एक मुलगा आणि एक मुलगी आम्हाला द्या, आठवड्याचे दोन तास. त्यांचा पक्ष कोणता हे आम्ही विचारणार नाही. फक्त ते पाच गुण विचारू.

बाबासाहेबांनी ही ठेव आपल्या हवाली केली आहे. ठेव नुसती पेटीत ठेवली तर तिची वाळवी होते. ती वापरा, समजून वापरा आणि शेजाऱ्यालाही वापरायला शिकवा.



नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!